माझ्या पाठीशी बसलेली पांढरी

जुनी आहे मी, मित्रांनो, आणि काळी. तुमच्या आईच्या हातातल्या बांगडीएवढी रबराची एक कडी. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटा कारखाना आहे. तिथल्या भिंतीवर प्लायची फळी टांगली आहे आणि त्या फळीवर एका पारदर्शक डबीत मी बसलेली असते. त्याच डबीत माझ्याशेजारी आणखी एक कडी आहे. ती पांढरी आहे. आधीच सांगून टाकते, मला तिचा हेवा वाटतो. पहिल्या दिवसापासून वाटत आला आहे. माझी गोष्ट म्हणजे त्या हेव्याचीच गोष्ट, म्हणून तो लपवून सांगता येणार नाही.

माझा जन्म घाटावरच्या एका कारखान्यात झाला. काळ्या रबराचा गोळा तापलेल्या साच्यात दाबला आणि एका दमात आम्ही चोवीस बहिणी बाहेर पडलो. कडेला राहिलेली रबराची झालर कोणीतरी काढली, एकेकीला भिंगाखाली फिरवून पाहिलं आणि काळ्या पाकिटात बंद केलं. पाकीट काळं अशासाठी, की उन्हाने आम्हाला बारीक बारीक भेगा पडतात. पाकिटावर तारीख लिहिली. रबरालाही वय असतं, मित्रांनो. काहीही काम न करता नुसतं पडून राहिलं तरी आम्ही म्हाताऱ्या होतो.

आमचं रबर खास होतं. उकळत्या पाण्याला न घाबरणारं. फक्त तेलाशी आमचं जमत नाही. तेल प्यालो की आम्ही फुगतो, मऊ पडतो. म्हणून पाकिटावर तारखेखाली ठळक अक्षरात छापलं होतं, 'तेल लावू नये.'

रत्नागिरीला आल्यावर मला कळलं, आमचं काम काय ते. या कारखान्यात एक लांब पोलादी नळी आहे. तिला सगळे 'गेज' म्हणतात. संगमेश्वरच्या बाजूला गरम पाण्याचे झरे आहेत. त्या भागात जमिनीच्या पोटात किती उष्णता दडली आहे हे बघायला एक खोल बोअर मारली आहे. तुमच्या परसातली विहीर असते वीस-पंचवीस हात. ही बोअर दीड किलोमीटर. गेजला तारेच्या टोकाला बांधून तिच्यात सोडायचं, त्याने तळाशी दोन दिवस राहून तिथली उष्णता आणि पाण्याचा दाब मोजायचा, आपल्या पोटातल्या यंत्रात नोंदवून ठेवायचा आणि वर यायचं. ते यंत्र इतकं नाजूक की थोडं जरी पाणी आत शिरलं तरी ते मेलंच. नळीच्या तोंडाला आट्यांचं झाकण असतं. झाकण कितीही घट्ट फिरवा, केसाएवढी फट उरतेच. ती फट बुजवायला आम्ही. खाचेत अंग चोरून बसायचं आणि पाण्याला सांगायचं, इथून पुढे नाही.

दाब किती असतो म्हणता? अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर तांदळाची तीन पोती रचली तर जेवढा होईल, तेवढा.

आणि हे काम आमच्यातल्या प्रत्येकीच्या वाट्याला एकदाच येतं. गेज वर आलं, झाकण उघडलं, की कडी काढायची आणि कात्रीने कापून टाकायची. चुकूनही कोणी ती परत बसवू नये म्हणून. एकदा खाली, मग कात्री. तरीसुद्धा पाकिटातल्या अंधारात आम्ही सगळ्या त्या एका दिवसाची वाट बघत असायचो. मी चौदा महिने बघितली.

पांढरीचं तसं नव्हतं.

तुमच्या घरी न चिकटणारा तवा असतो ना, त्याच्या वरच्या थराच्या जातीची ती. कडक, गुळगुळीत, शुभ्र. साच्यात नाही, लेथवर कातून झालेली. तिला वेगळी डबी होती, आत मऊ कापड. प्रत्येक फेरीनंतर तिला भिंगाखाली तपासायचे आणि चांगली दिसली तर पुन्हा खाली पाठवायचे. मी आले तेव्हा ती चार वेळा जाऊन आली होती. नंतर सहा वेळा. बाहेरून पाहुणे आले की कारखान्याचे मालक तिला तळहातावर घेऊन दाखवायचे.

"ही आहे म्हणून आम्ही निर्धास्त," ते म्हणायचे. "सहा वेळा खाली जाऊन आली, अंगावर साधा ओरखडा नाही."

पाहुणे माना डोलवायचे. मी शेजारच्या खणातून ऐकायची. माझ्या बहिणी गेल्या आणि कापल्या गेल्या, त्यांचं नाव कोणी घेतलं नाही. आणि ही! हिचं काम काय, तर खाचेत माझ्यामागे बसायचं. पाण्याला तोंड द्यायचं आम्ही. ते चटके, तो भार, सगळं आमच्या छातीवर. ही मागे, कोरडी. आणि कौतुक मात्र हिचं. तुम्ही सांगा, मला राग आला तर काय चुकलं?

कड्या बसवायच्या टेबलावर आम्रपाली असायची. तिची शिस्त बघण्यासारखी. आधी बांगड्या काढून डबीत ठेवायच्या. नखं बघायची. हात साबणाने धुवायचे. मग दिव्यासमोर कडी धरून बोटाच्या पेराने हळूहळू फिरवायची, आई बाळाला अंघोळीनंतर चाचपते तशी, कुठे पुरळ आहे का, कुठे काही चावलंय का. झाकणाच्या आट्यांवर कागदी पट्टी गुंडाळायची, म्हणजे वरून सरकताना कडीला धार लागू नये. मग खास मलमाचा मसुराएवढा थेंब. तिच्याआधी आमच्या थोरल्या बहिणी म्हणे खिळ्याला टांगलेल्या असायच्या, किल्ल्यांसारख्या. महिन्याभरात त्यांच्या गोलाईला कोपरा यायचा. एकीला तर कोणीतरी केसांना बांधून घरी नेली होती. आम्रपालीने ते सगळं बंद केलं.

कड्या खाचेत बसवताना ती मोठ्याने म्हणायची, "पाणी इकडे, पांढरी तिकडे." एकटी असली तरी मोठ्यानेच. पाणी ज्या बाजूने येणार त्या बाजूला काळी, आणि तिच्या पाठीमागे, फटीच्या बाजूला पांढरी. उलट बसली तर काही उपयोग नाही. ते वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यातही नाव तिचंच. माझं कुठे आहे?

मग श्रद्धा परत आली.

श्रद्धा म्हणजे त्या टेबलावर आधी काम करणारी मुलगी. बाळंतपणासाठी सुट्टीवर गेली, तेव्हा आम्रपालीला तिथे बसवलं. बाळ सात महिन्यांचं झालं, त्याला सासूबाईंकडे, गोदूबाईंकडे सोपवून श्रद्धा कामावर रुजू झाली, तर टेबल गेलेलं. तिला पाकिटांच्या तारखा तपासायचं काम दिलं. ते ती नीट करायची. पण मालकांनी "आम्रपालीच्या हातची बांधणी" असं म्हटलं, की ती माझं पाकीट खणात जरा जोरात टाकायची.

मला वाटलं, हिला माझं दुःख कळेल.

डिसेंबरातली गोष्ट. आंब्याला मोहोर धरला होता. आम्रपालीने तीन दिवसांची रजा मागितली, लेकीच्या शाळेचं तीन दिवसांचं स्नेहसंमेलन होतं. निघताना तिने कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकली.

"काय गो श्रद्धा, उद्या काही लागलं तर फोन कर हां. शाळा दहा मिनिटांवर आहे, स्कूटीवरून येते."

"कशाला काय लागतंय?"

"तसं नव्हे. मलमाची नळी संपत आलीय. नवी कपाटात आहे."

"मग किल्ली ठेवून जा की ताई."

"नको बाय. मागच्या वेळी हरवली होती. तू फोन कर, मी येते."

श्रद्धा हसली. तिचं हसू मी ओळखलं. पाकिटात बसून मी पांढरीच्या नावाने तसंच हसत असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी साइटवरून निरोप आला, मुंबईहून साहेब येणार आहेत, गेज आजच हवं. मालक टेबलापाशी आले.

"श्रद्धा, जीप बाराला सुटेल. आम्रपालीला बोलावून घेऊ का?"

"का सर? तिच्याआधी हे टेबल माझंच होतं."

"तेही खरंच. मग तूच बांध, आणि तूच घेऊन जा. साइटवर सम्यक आहे."

सम्यक म्हणजे आम्रपालीचा नवरा. बोअरवरचं सगळं काम तो बघायचा आणि पंधरा दिवसांपासून तिथेच मुक्कामाला होता.

श्रद्धाने माझं पाकीट फोडलं. चौदा महिन्यांनी उजेड! तिने बांगड्या काढल्या, हात धुतले, मला दिव्यासमोर फिरवलं. तिचे हात वाईट नव्हते, मित्रांनो. उलट फार मायेचे होते. मग तिने मलमाची नळी दाबली. फुस्स झालं, आणि काही आलं नाही. तिने ती टोकापासून गुंडाळत आणली, कात्रीने कापून आत काडी फिरवली. कोरडी.

फोन टेबलावरच होता. तिने तो उचलला, 'आम्रपालीताई' हे नाव काढलं आणि बघत राहिली. मला वाटतं तिला ऐकू येत होतं, उद्या सगळे काय म्हणतील ते. बघा, आम्रपालीशिवाय इथलं पान हलत नाही. तिने फोन उपडा ठेवला.

तिच्या पिशवीत खोबरेल तेलाची छोटी बाटली असायची. बाळाच्या टाळूवर घालायची तीच, घरच्या नारळाची, घाण्यावरून आणलेली. ती तिने काढली. पाकिटावरचं वाचलं. 'तेल लावू नये.' ती पुटपुटली, "ते मशीनचं तेल. हे तर खायचं तेल आहे. बाळाला चालतं, हिला काय होतंय?"

तुमच्या घरीही असंच असेल. दाराची कडी कुरकुरली, खोबरेल. ओठ फुटले, खोबरेल. पाय मुरगळला, तरी खोबरेल. ज्यावर आपलं लेकरू वाढलं ते कोणाला बाधेल असं इथल्या कुठल्या आईच्या मनातच येत नाही.

आणि मी? मी काय सांगू! चौदा महिने कोरड्या पाकिटात काढलेले. तिने तळहातावर तेल घेतलं आणि मला दोन बोटांत धरून अंगभर चोळलं, पाळण्यातल्या बाळाला चोळावं तसं. असा लाड माझा कोणीच केला नव्हता. पांढरी बाजूला पडली होती, तिला तेलाचा थेंबही नाही. मी मनात म्हटलं, बघ. आज माझा दिवस आहे.

तिने आम्हाला खाचेत बसवलं. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी ती जरा थांबली आणि नाक मुरडत, हळू आवाजात म्हणाली, "पाणी इकडे, पांढरी तिकडे." तिला ते वाक्य आवडत नव्हतं. तरी म्हणाली. एवढं बरं झालं.

कारखान्यात पंपाने दाब देऊन बघतात, ते तिने बघितलं. काटा जागचा हलला नाही. मी पास झाले. तेल अजून माझ्या आत मुरायचं होतं.

साइटवर पोचल्यावर सम्यक पुढे आला. "आली का आमच्या घरच्यांच्या हातची?" असं म्हणत त्याने गेज खांद्यावर घेतलं.

श्रद्धाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तारेच्या यंत्राजवळ साइटवरचा कामगार भागोजी तार गुंडाळत होता, तो ओरडला, "बाजूला व्हा गो बाय, तार सोडतंय मी." आणि ते राहूनच गेलं. नंतर दोन दिवस, गेज वर येईपर्यंत, ती साइटजवळ कारखान्याने भाड्याने घेतलेल्या घरात राहिली. सांगायला वेळ भरपूर होता. पण जे एकदा सांगायचं राहतं ना मित्रांनो, ते दर तासाला जड होत जातं.

आता माझी फेरी.

पहिले काही शे मीटर मी ऐटीत गेले. मग उष्णता वाढली. पाणी एवढं तापलेलं की वर असतं तर उकळून वाफ झालं असतं. त्या उष्णतेने खोबरेल माझ्यात शिरायला लागलं. आधी सुखाचं वाटलं, मग अंग भरून आल्यासारखं, मग सुजल्यासारखं. खाचेत मावेना. मी मऊ पडत चालले होते, आणि समोरून पाणी रेटत होतं. तीन पोती, नखाएवढ्या जागेवर. मी मागे सरकले.

मागे पांढरी होती.

तिने काही म्हटलं नाही. ती कधीच काही म्हणत नाही. मी तिच्यावर रेलले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिच्यामागे काय आहे. ती केसाएवढी फट. तिच्यापलीकडे मोकळी पोकळी. पांढरी नसती तर पाण्याने मला त्या फटीतून शेवयांसारखी पिळून काढली असती. ती कोरडी बसलेली नव्हती. आमचं सगळं वजन आणि आम्हाला रेटणारं पाण्याचं वजन, दोन्ही ती सहा वेळा पेलून आली होती, आणि ही सातवी. ती थकली होती. तिच्या कडेचा एक कोपरा झिजलेला होता, भिंगाखालीही न दिसण्याइतका. माझा सुजलेला एक पदर नेमका त्या कोपऱ्यावरून पलीकडे घुसला. तिची कड वाकली, फाटली. तरी बाकीच्या मला तिने सोडलं नाही.

पण तेवढ्या जागेतून पाण्याला वाट मिळाली. सुईच्या टोकाएवढी. दोन दिवस पाणी आत झिरपत राहिलं, आणि पाण्याबरोबर तो दाबही.

वर येताना आणखी वाईट झालं. बाहेरचा भार कमी होत गेला तशी मी, सुजलेली, उलट्या बाजूने घट्ट रुतून बसले. आत गेलेला दाब आता आतच राहिला. गेज बाहेरून कोरडं, चकचकीत, नेहमीसारखं. पोटात मात्र झाकण उडवून देईल एवढा जोर कोंडलेला.

म्हणून एक नियम असतो. गेज वर आलं की आधी बाजूचा छोटा स्क्रू सैल करायचा, आत काही कोंडलं असेल ते निघून जाऊ द्यायचं, आणि मगच झाकणाला हात लावायचा. झाकणाच्या समोर तर कोणी उभंच राहायचं नाही. सम्यकला तो नियम पाठ होता. त्याने पान्याने स्क्रू फिरवून पाहिला. फिरेना. गरम पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर त्यावर बसला होता, केटलीत बसतो तसा.

"किती वेळ?" मुंबईचे साहेब घड्याळाकडे बघत होते. "मला अंधार पडायच्या आत कशेडी घाट ओलांडायचाय."

"हा स्क्रू बसलाय साहेब."

"मग झाकण उघडा ना सरळ."

भागोजी म्हणाला, "वायच थांबा. घाई कशाला?"

पोलादातून आवाज चांगला ऐकू येतो. सम्यकचं हसणं मला स्वच्छ ऐकू आलं. "अरे भागोजी, कोणाच्या हातची बांधणी आहे? वर्षभरात हिच्या गेजमध्ये कधी पाणी निघालं? डोळे मिटून उघडावं."

तो झाकणासमोर गुडघे टेकून बसला. त्याचा श्वास झाकणावर पडत होता. मी आत, त्या झाकणाच्या गळ्याशी. मला ओरडायचं होतं. कडीला आवाज नसतो. पाना झाकणावर चढला. झाकण कुरकुरलं, आणि आतला जोर माझ्या अंगावर आला. एक आटा सुटला. एकूण सहा.

"नेहमीपेक्षा जड जातंय आज," सम्यक म्हणाला आणि त्याने जागा बदलून आणखी जवळ तोंड नेलं.

"सम्यकदादा, बाजूला व्हा!"

श्रद्धाचा आवाज. इतका चिरका की भागोजीच्या हातातली तार सुटली.

"काय झालं?"

"बाजूला व्हा आधी! गेज ताईने नाही बांधलं. मी बांधलंय. मलम नव्हतं, मी… मी खोबरेल लावलंय कडीला."

मग सम्यक उठून बाजूला झाल्याचा आवाज आला. अगदी हळू, झोपलेल्या जनावराजवळून सरकावं तसा.

साहेब म्हणाले, "खोबरेल? म्हणजे डोक्याला लावायचं?"

"बाळाचं," श्रद्धा म्हणाली आणि रडायला लागली.

भागोजीने तिला रडू दिलं. मला वाटतं त्याला त्याहून महत्त्वाचं काम दिसत होतं. तिघांनी मिळून, लांबून, दोरीने ओढत गेज जांभ्याच्या गडग्याकडे, म्हणजे दगडी कुंपणाकडे, तोंड करून ठेवलं. माणसं सगळी मागे. मग तो आपली जेवणाची पिशवी घेऊन आला.

"आगळ हाय. कोकमाचा. घरात केटली पांढरी झाली का बायको ह्योच घालते. घटकाभरात थर सुटतो."

"भागोजी, ते तुमच्या सोलकढीचं ना?" सम्यकने विचारलं.

"ऱ्हाऊ दे रे. कढी उद्या पिऊ. उद्या हाय ना आपल्याला?"

स्क्रूवर आगळ ओतला. अर्ध्या तासाने पुन्हा ओतला. मग लांब दांड्याचा पाना घेऊन, बाजूने, अंग चोरून सम्यकने तो स्क्रू अर्धा फेरा फिरवला.

माझ्या पोटातून, म्हणजे गेजच्या पोटातून, जी धार सुटली तिने कापड फाटल्यासारखा आवाज केला. समोर ठेवलेलं प्लास्टिकचं घमेलं उडून गडग्यापलीकडे कुठेतरी पडलं आणि गडग्याच्या चिऱ्यातून लाल भुगा उडाला. एवढ्याशा स्क्रूच्या वाटेने एवढं. झाकणाच्या वाटेने काय झालं असतं ते सगळ्यांनी मनातल्या मनात बघितलं. साहेबांनी पुन्हा घड्याळाकडे बघितलं नाही.

यंत्र भिजलं होतं. पण पहिल्या दिवसाच्या नोंदी शिल्लक होत्या. पांढरीने धरून ठेवलं तेवढा वेळ.

दुसऱ्या दिवशी आम्रपाली कामावर आली, तेव्हा तिला सगळं कळलेलं होतं. ती सरळ टेबलापाशी आली. श्रद्धा समोर. मी आणि पांढरी मध्ये, ट्रेमध्ये, आगळाच्या डागांसकट.

"तुझ्याबरोबर मी दोन दिवस बोलणार नाही," आम्रपाली म्हणाली. "तिसऱ्या दिवशी बोलेन."

"ताई, मला टेबल नको. मी परत नाही बसणार इथे."

आम्रपालीने पर्स उघडली. किल्ली काढून टेबलावर ठेवली. "दोन दिवसांनी म्हणाले खरी, पण आत्ताच सांगते. किल्ली हरवते वगैरे सगळं खोटं गो. हरवली होती एकदाच, आणि ती पण माझ्याच हातून. मला आवडायचं ते. मी नसले की अडलं पाहिजे, असं वाटायचं. तू परत आलीस तेव्हापासून जास्तच." ती थांबली. "त्या झाकणासमोर त्याचं तोंड होतं, श्रद्धा. संमेलनात माझी लेक कोळीण झाली होती. मी तिचे फोटो काढून त्याला पाठवत होते, आणि ते तिकडे जात नव्हते, रेंज नव्हती म्हणून. मी चिडत होते."

दोघी रडल्या. मग दोघींनी हात धुतले, आणि कामाला लागल्या.

श्रद्धाने कात्री घेतली, मला कापायला. नियमच तो. आम्रपालीने तिचा हात धरला. "हिला ठेव. आणि त्या पांढरीलाही." तिने आम्हा दोघींना भिंगाखाली शेजारीशेजारी ठेवलं. माझ्या अंगाला एका जागी जिभेसारखं टोक आलं होतं. पांढरीच्या कडेला तेवढाच, त्याच आकाराचा घास गेलेला. चिमट्याने जोडून बघितलं, तर तंतोतंत.

"बघितलंस?" आम्रपाली म्हणाली. "एवढ्या एका जागी हरली. बाकी सगळीकडे धरून ठेवलंन हिने तिला."

त्या दिवसापासून कारखान्यात पांढरीही प्रत्येक फेरीला नवीन घेतात. कपाटाच्या दोन किल्ल्या झाल्या. स्क्रू नाही निघाला तर झाकण नाही, मग साहेब कुठलेही असोत. आणि टेबलावर दोघी बसतात, एक बांधते आणि दुसरी मोठ्याने वाचून दाखवते.

मुलांनो, तुमच्या घरीही माझ्या बहिणी आहेत. पाण्याच्या बाटलीच्या झाकणात एक आहे, ती काढून कुठेही टाकू नका. कुकरच्या झाकणात एक मोठी आहे. तिला चीर पडली असेल तर आईला सांगा. आणि माझी शपथ आहे तुम्हाला, कुकरची वाफ पूर्ण जाईपर्यंत झाकण ओढू नका, कितीही भूक लागलेली असो, कोणीही घाई करो. आत काय कोंडलेलं आहे ते बाहेरून दिसत नाही. माणसांचंही तसंच असतं, पण ते तुम्हाला हळूहळू कळेल. तुमच्या हातून काही चुकलं असेल तर ते लगेच सांगा. श्रद्धाने एक आटा सुटल्यावर सांगितलं. दोन सुटेपर्यंत थांबली असती, तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली नसती.

कधीमधी शाळेची सहल येते. मुलं फळीसमोर गर्दी करतात. आम्रपाली माझ्याकडे बोट दाखवते, खोबरेलाची गोष्ट सांगते, मुलं हसतात. "ही का ती फुगलेली?" म्हणून मला बघायला टाचा उंचावतात. ज्याची मी चौदा महिने वाट बघितली ते हेच. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. पांढरीकडे कोणी बघतही नाही.

आणि तरी हेवा गेलेला नाही, मित्रांनो. मुलं निघून गेली की दुपारचा उजेड डबीत तिरपा येतो आणि तिच्या कडेचा तो खाल्लेला कोपरा स्पष्ट दिसतो. माझ्या अंगावरची खूण मी तेल प्याले त्याची आहे. तिच्या अंगावरची मला धरून ठेवल्याची आहे. मी रोज ती बघते, आणि मला ती माझ्या अंगावर हवी असते.